गाडी घरीच का गळते

आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर ताटाएवढा काळा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी आबांवर ओरडले. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या हकिकतीत मी फार शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको. माझं तोंड तिखट आहे. शाळेत पोरं मला टरकून असतात, घरात माय जपून बोलते, आणि आबा, म्हणजे माझे वडील, एकेकाळी माझं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचे.

मी जिंतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. का केलं नाही, तो विषय वेगळा आणि तो मी इथे काढणार नाही. घरात आम्ही तिघं, आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली चौथी ती, आबांची अँबेसेडर. माझ्याहून बाराएक वर्षांनी लहान. मूळची पांढरी, आता जुन्या हस्तिदंती बटणासारखी झालेली. तिच्यावर आबांनी पस्तीस वर्षं टॅक्सी केली. वालूरच्या नवऱ्या सासरी पोचवल्या, बाळंतिणी परभणीच्या दवाखान्यात नेल्या, अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन बसलेली माणसं गंगाखेडला नदीवर नेली. अस्थींची सवारी असली की आबा हॉर्न वाजवायचे नाहीत, म्हैस आडवी आली तरी थांबून राहायचे. धंदा बंद केल्यावर गाडी घरची म्हणून ठेवली. बाजार, दवाखाना, कुणाकडे मयत किंवा बारसं, एवढंच तिचं फिरणं. आबा मात्र तिच्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पायी जायचं म्हटलं की गुडघे दुखायचे, रिक्षात बसायचं म्हटलं की अब्रू.

आबांचा एक नियम होता. ते वालूरच्या शेतकरी घरातले. तिथे सकाळी उठल्यावर आधी बैलांना वैरणपाणी, मग माणसाच्या घशात चहा. मुकं जनावर उपाशी ठेवून जो खातो त्याला पचत नाही, असं माझे आजोबा म्हणायचे. बैल गेले, गाडी आली, आणि आबांनी तोच नियम गाडीला लावला. टॅक्सीच्या दिवसांत इंजिन थोडं थोडं तेल खायचं. रोज सकाळी आबा बॉनेट उघडायचे, तेल मोजायची पट्टी काढून फडक्यानं पुसायचे, परत घालून बघायचे, आणि पत्र्याच्या लहानशा मापानं लागेल तेवढं तेल वरून ओतायचे. मग हात धुऊन मायला म्हणायचे, "तिचं झालं. आता मला टाक." मी लहान असताना त्या तेलाच्या कॅनला हात लावला तर फटका बसायचा. तेलाचं काम आबांचं, त्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसायचं नाही, हे घरात देवपूजेइतकं ठरलेलं होतं.

तर डाग. मी ओरडले म्हणजे काय म्हणाले तेही लिहिते. म्हणाले, "आबा, येलदरीच्या रस्त्यानं गेला होता ना परवा? खालच्या तेलाच्या चेंबरला दगड लागलाय. लागला तर लागला म्हून सांगावं मानसानं, लपवायचं कशाला?"

आबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी डागाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागला असंल, आक्का."

मला जिंकल्यासारखं वाटलं. आता लिहिताना त्या जिंकण्याची लाज वाटते. माझ्या पन्नास वर्षांत आबांनी गाडीच्या बाबतीत कधी चूक कबूल केलेली नव्हती. एकदा बोरीजवळ एका ट्रकनं मागून घासलं, तर त्या ड्रायव्हरला झाडाखाली बसवून मातीत काडीनं रस्ता काढून दाखवला होता, तू इथं होतास, मी इथं होतो. असा माणूस "लागला असंल" म्हणतो, आणि मी विज्ञानाची शिक्षिका, मला काही खटकलं नाही.

घाई होती त्याचं कारण पासिंग. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी परभणीला नेऊन आरटीओच्या साहेबांपुढे उभं करावं लागतं आणि ती मुदत दोन महिन्यांवर आली होती. आमचे मिस्त्री म्हणाले होते, बाकी गाडी ठणठणीत आहे, पण खाली तेल टपकत असताना नेऊ नका. मी जेवताना बोलून गेले की पास झाली नाही तर भंगारात द्यावी लागेल. आबांनी घास खाली ठेवला. "भंगारात गेली तर मला बी तिच्यासंगं घाला," म्हणाले. आवाज चढवून नाही, मीठ मागावं तसं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की गळती शोधायचीच. चार लोकांत गाडीतून उतरणारे आबा मला हवे होते. खाटेवर बसून दाराकडे बघणारे म्हातारे मी गल्लीत खूप पाहिले होते.

मिस्त्री परभणी रोडवरचे, आबांहून दहा-बारा वर्षांनी धाकटे, आबांना चाचा म्हणणारे. अँबेसेडरचं इंजिन उघडणारं जिंतुरात आता दुसरं कुणी राहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोबाइलवर डागाचे फोटो दाखवायला लागले, तर त्यांनी फोन बाजूला सारला.

"ताई, तेल झूठ बोलत न्हाई, पर ते खाली येऊन बोलतंय. खाली दिसायलंय म्हून खाली शोधू नका. गाडी पळाली की वारा तेलाला मागं ढकलतो. सगळ्यात वर, सगळ्यात पुढं कुठं ओलं हाय, ते बघायचं."

त्यांची रीत मला फार आवडली. आधी सगळं इंजिन डिझेलनं ब्रशनं घासून कोरडं केलं. मग बाळाच्या अंगाला लावतात त्या पावडरीचा डबा इंजिनावर उपडा केला. काळं धूड पांढरं झालं. मग मी आणि आबा येलदरीच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जाऊन आलो. आबा चालवत होते. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, कापसाची दुसरी वेचणी चालली होती. आबा खुशीत होते. एका वळणावर म्हणाले, "हिथं एकदा पोरगी झाली होती गाडीत." ती गोष्ट मला पाठ होती, तरी मी ऐकली. परत येताना त्याच वळणावर ते पुन्हा म्हणाले, "हिथं एकदा पोरगी झाली होती गाडीत." मी म्हणाले, "सांगितलंत की आत्ताच." ते हसले. म्हाताऱ्या ड्रायव्हरांना एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय असते, असं मला वाटलं.

गॅरेजात बॉनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीवरून तेलाचा ओघळ अगदी स्पष्ट उतरलेला. इंजिनाच्या बाजूला एक झाकण असतं, त्याचं बुचाचं पॅकिंग वाळून तडकलं होतं. मिस्त्रींनी नवं बसवलं, जुनं तेल काढून नवं मापात भरलं, आणि खबरदारी म्हणून गाडी दोन दिवस ठेवून घेतली. खाली एक थेंब नाही. मी शाळेतल्या पोरांना त्या दिवशी गळतीवर एक तास शिकवला. अभ्यासक्रमात नव्हता, पण पोरांना मजा आली.

घरी आणल्यावर आठवड्याच्या आत फरशीवर पुन्हा ताट.

मी पुठ्ठे अंथरायला लागले. रोज शाळेतून आले की पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली शिरायची, थेंब कुठे पडलेत त्यावर पेन्सिलीनं गोल करायची. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, "काय ओ मॅडम, नोकरी सोडली का काय?" थेंब आता मागच्या बाजूला होते, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. तिथे पोचायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. उतरवला. आतली क्लच प्लेट तेलानं भिजलेली. ती धुतली, मागचं काय बदलायचं ते बदललं, नवं तेल मापात भरलं, आणि तीन दिवस गाडी त्यांच्याकडे उभी. कोरडी ठणठणीत.

घरी आणली. सहाव्या दिवशी मागून, पुढून, वरच्या झाकणातून, जिथून वाट मिळेल तिथून तेल. चालू केली की मागं निळा धूर. मिस्त्री स्वतः घरी आले, गाडीला प्रदक्षिणा घातली, आणि म्हणाले, "ताई, माझ्याकडं शहाण्यावानी राहते. घरी आली की हिला काय होतंय?"

खरं तर उत्तर त्या प्रश्नातच होतं. माझ्याच वर्गात एखाद्या पोरानं प्रयोगाची अशी नोंद आणली असती, एका ठिकाणी होतं आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही, तर मी त्याला पहिला प्रश्न विचारला असता की दोन ठिकाणांत फरक काय. मी मात्र काय केलं? मी फरशीचा उतार मोजला. रात्रीच्या गारव्यानं पॅकिंग आकसत असेल असा तर्क लढवला. मिस्त्रींच्या कामावर मनातल्या मनात शंका घेतली. आणि आबांवर पुन्हा तोंड सोडलं, तेही मिस्त्रींसमोर.

"आबा, तुमी इंजिन लय तापवायलाव. किती येळा सांगितलं हळू चालवा म्हून. उद्या पास झाली न्हाई तर मला बोलायचं न्हाई."

"चुकलं, आक्का," आबा म्हणाले. "आता न्हाई करणार."

मिस्त्रींनी खाली बघितलं. माय दारातून आत निघून गेली. आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं गाडीच्या पुढच्या दिव्याची काच पुसायला घेतली, पुसतच राहिले.

तेल मात्र त्यांना जास्त लागत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते पुन्हा पुन्हा कॅन आणत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गळतंय म्हणून जास्त लागतंय, हे सरळच दिसत होतं.

पासिंगला दोन आठवडे राहिले असताना मला ताप आला आणि मी शाळेतून तीन दिवसांची रजा घेतली. सकाळच्या वेळी मी घरात असणं ही आमच्याकडे नवी गोष्ट. एरवी मी साडेसहाला घरातून निघते, रविवारीसुद्धा दहावीच्या जादा तासांना. मधल्या खोलीत, खिडकीपाशी खाट टाकून पडले होते. खिडकीतून शेड दिसत होती.

सहा वाजता आबा उठले. तोंड धुतलं, शेडमध्ये गेले, बॉनेट उघडलं, कॅनमधून माप भरून तेल ओतलं. पट्टी काढली नाही. बॉनेट लावलं, हात धुतले, आणि आत येऊन म्हणाले, "तिचं झालं. आता मला टाक." मायनं चहा दिला. ओसरीत बसून ते फुंकून फुंकून प्यायले.

मला ग्लानी आली असावी. जाग आली ती बॉनेटच्या आवाजानं. आबा माप भरत होते. हात धुतले, आत आले. "तिचं झालं. आता मला टाक." मायनं पातेलं चढवलं.

मी उशीवर डोकं ठेवून जागी राहिले. साडेआठला पुन्हा. साडेनऊच्या आसपास पुन्हा. प्रत्येक वेळी तोच चेहरा, आत्ताच उठलेल्या माणसाचा, दिवस अजून सगळा पुढे आहे असा. कुठे घाई नाही, थकवा नाही. आणि प्रत्येक वेळी माय कपाच्या तळाशी दोन घोट चहा ओतून त्यांच्या हातात देत होती.

पाचव्यांदा ते ओसरीत चहा पीत असताना मी उठले, मागच्या दारानं शेडमध्ये गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांना न विचारता ती पट्टी ओढून काढली. पट्टीवर खाली दोन खुणा असतात, कमी आणि भरपूर. तेल त्या दोन्ही खुणा ओलांडून पार वर, बोटांत धरायच्या कडीपाशी पोचलं होतं. इंजिन गळ्यापर्यंत भरलं होतं. नवं पॅकिंग असो की जुनं, एवढं तेल आत राहणारच नव्हतं. गाडीत बिघाड नव्हताच.

पहिल्यांदा मला आनंद झाला. हे सांगायला जड जातं, पण खरं आहे. सापडलं, असं मी मोठ्यानं म्हणाले. दीड महिना ज्याच्या मागे लागले होते ते कोडं सुटलं होतं, आणि किती सोपं. मी ती पट्टी हातात धरून मिस्त्रींना फोन लावायला वळले, आणि नंबर न लावताच ती पट्टी परत जागेवर घातली. गाडीत बिघाड नव्हता, याचा दुसरा अर्थ मला तेव्हा कळला.

आबा झोपल्यावर दुपारी मी मायपाशी बसले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"माय, तुला ठाऊक होतं का?"

"च्याचं ठाऊक होतं," ती म्हणाली. "तेलाचं न्हाई. मला वाटायचं, गाडीपाशी जाऊन नुसते हुबं ऱ्हाऊन येतेत."

"कवापासून?"

"गेल्या दिवाळीपासून. आधी दोनदा मागायचे. मग तीनदा. म्या म्हणलं, पेलात की आत्ता, तर तोंड असं झालं त्यांचं, पोरानं पाटी फोडल्यावर होतं ना, तसं. मग म्हणलं कशाला सांगायचं. अर्धा कप द्यावा. च्यानं काय मानूस मरत न्हाई."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

मायनं शेंगेतून दाणे काढले, सूप हलवलं.

"तू बोलली असतीस त्यांना," ती म्हणाली. "मानूस इसरतंय, त्याला बोलून काय आठवतंय व्हय? तुला येत न्हाई गप ऱ्हायला, आक्का. तुझा सोभावच न्हाई तो."

ती रागानं बोलत नव्हती. मला कांदा चालत नाही हे पाहुण्यांना सांगावं, तसं तिनं हे सांगितलं. मी तिथेच बसून शेंगा सोलायला लागले. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. माय तिकडे बघत नव्हती, निदान बघत नसल्यासारखं करत होती.

मिस्त्री आले तेव्हा त्यांनी खालचा बोल्ट सोडला आणि तेल बादलीत पडत राहिलं. हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पान्हा हातात धरून उकिडवे बसले होते.

"गलती माझी हाय," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी पट्टी बघायला पायजे होती. दोनदा तेल काढलं तवा बी जास्तच पडलं, म्या ध्यानात घेतलं न्हाई. कुणाची बी गाडी आली की पहिलं तेच बघतो. पर चाचानं भरलेलं तेल... ते म्या तपासायचं? त्यांच्या हाताखाली म्या गाडी पुसली हाय, ताई."

डॉक्टरांकडे परभणीला नेलं. त्यांनी आबांना वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, तीन वस्तू सांगून पाच मिनिटांनी परत विचारल्या. आबांनी अदबीनं उत्तरं दिली, चुकीची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की गोळ्या देतो, त्यानं विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. आणि गाडी आजपासून बंद. हे आबांना कोण सांगणार ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी मी आधी तेलाचा कॅनच लपवला. ती माझी दुसरी मोठी चूक. सकाळी आबांनी शेडमध्ये, माळ्यावर, खाटेखाली, तांदळाच्या डब्यातसुद्धा शोधलं. चहा समोर ठेवला तर कपाला हात लावेनात. "तिचं झालं न्हाई अजून," एवढंच म्हणायचे. दुपारपर्यंत पोटात काही नाही. शेवटी मी कॅन आणून ठेवला. मग आम्ही एक रीत पाडली. दिवसभरात आबा जेवढं ओततील तेवढं ओतू द्यायचं. संध्याकाळी, ते ओसरीत बसले की मी पोतं घेऊन गाडीखाली जायचं, खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल भांड्यात काढायचं, पट्टीवर माप बघायचं, बोल्ट कसायचा, आणि ते तेल फडक्यानं गाळून परत त्यांच्या कॅनमध्ये भरायचं. सकाळी तेच तेल ते पुन्हा ओतायचे. मिस्त्रींनी बोल्ट किती कसायचा ते मला शिकवलं. माझे हात काळे व्हायचे, शाळेत खडू धरला की खडूवर ठसे उमटायचे. फरशी मात्र कोरडी राहिली.

गाडीखाली उताणी पडल्यावर मला आबांचे पाय दिसायचे, ओसरीच्या पायरीवर ठेवलेले, टाचांना भेगा पडलेले. मी तिथून त्यांच्याशी बोलायची. त्या दिवसांत मी आवाज न चढवता बोलायला शिकले. पन्नाशीनंतर माणूस नवं शिकत नाही म्हणतात, पण शिकावं लागलं तर शिकतो. उशीर झालेला असतो एवढंच.

राहिलं ते किल्लीचं. पासिंगच्या आदल्या आठवडाभर मी वाक्यं जुळवत होते. आबा, मी चालवते. आबा, आज मला चालवू द्या. आबा, डॉक्टर म्हणाले. त्यांनीच मला गाडी शिकवली होती, येलदरीच्या मोकळ्या रस्त्यावर, लोकांच्या पोरी सायकलसुद्धा चालवत नसत तेव्हा. त्यांच्या हातातून किल्ली मागायची माझी हिंमत होत नव्हती.

त्या सकाळी ते पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, टोपी घालून बाहेर आले. मी ड्रायव्हरच्या दारापाशी उभी होते, खुंटीवरून आधीच काढून घेतलेली किल्ली माझ्या मुठीत. म्हटलं, आता. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून, टेकून. या गाडीत मागे बसलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. वाद झाला नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्यांना सगळं समजलंय आणि त्यांनी आपण होऊन जागा सोडली, असं मी मनाची समजूत घालून गाडी चालू केली.

परभणीत काम तासाभरात झालं. साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, वाकून खाली बघितलं. खाली कोरडं होतं. "जपलीय गाडी," म्हणाले. मी आबांकडे बघितलं. ते मागच्या सीटवर बसून रस्त्यावरची रहदारी बघत होते.

परत निघालो. झरी मागे पडलं. ज्वारी पोटऱ्यात आली होती, दोन्ही बाजूंना हिरवं उभं होतं. मग मागून त्यांचा आवाज आला, सवारीशी बोलताना असायचा तसा, मोकळा आणि अदबीचा.

"गाडी लय चांगली चालवायलाव तुमी, मॅडम."

माझ्या जन्मापासून आबा मला तू म्हणत आले. मी आरशात बघितलं. ते माझ्याकडे बघून हसत होते, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं.

"माझी बी लेक चालवते," ते म्हणाले. "मास्तरीन हाय. लय हुशार. म्या शिकिवलं तिला." मग ते पुढे वाकले, माझ्या सीटच्या पाठीला धरून, आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुमच्या वळखीचा कोनी चांगला मिस्त्री हाय का? माझी बी गाडी अशीच हाय, हिच्यावानीच. तेल गळायलंय तिचं. कुठून गळायलंय, मला काय सापडंना. लेक लय चिडायलीय. तिला कळायच्या आत बंद करायचं होतं."

"हाय वळखीचा," मी म्हणाले. "मी सांगते त्याला. होतंय बंद."

"व्हय?" आबा म्हणाले. "लय उपकार व्हतील. आन् तिला भेटलाव तर सांगू नका, म्या इचारलं म्हून."

"न्हाई सांगत," मी म्हणाले.

ते मागे टेकून बसले. बोरीपर्यंत मी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली, चौथा टाकायचं माझ्या लक्षात आलं नाही.